निळा इअरमफ, ८ महिने वापरून (शाळेत न जाणाऱ्या मुलासाठी घेतलेला)

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ४. एक स्टार कशाचा कापला ते खाली येईलच. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण सेलरशी माझं अजून वाजलेलंच आहे, आणि तसंही ह्या भावातले सगळे थोड्याफार फरकाने सारखेच, प्लॅस्टिकच्या दोन वाट्या, आत फोम, कडेला रेक्झिनची गादी आणि डोक्यावरून पट्टी. कारखान्यात ग्राइंडिंगवर बसणारे लोक घालतात ना तसला, फक्त मुलांच्या मापाचा. गाणी वाजत नाहीत, ब्लूटूथ नाही, चार्जिंग नाही. १२९९ ला पडला.

मुलगा ९ वर्षांचा, चौथीत, ऑटिझम आहे. डोंबिवलीत मराठी माध्यमाची दुपारची शाळा. बोलतो पण मोजकं, आणि जे सर्वात जास्त दुखतंय ते तर अजिबात सांगत नाही. तिसरीपर्यंत रडतखडत का होईना जायचा. चौथीला जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात बंदच. सकाळी नऊपासून "पोट दुखतं", दहाला मोज्याची शिवण टोचते, अकराला कॉलरचं लेबल टोचतं (लेबल आधीच कापलेलं होतं, तरी), आणि बारा वाजता रिक्षा आली की ग्रीलला दोन्ही हातांनी धरून उभा. मी बोटं सोडवायचे तर एक सुटलं की दुसरं पकडणार. एकदा रिक्षातच उलटी. रिक्षावाले काका बिचारे म्हणाले राहू द्या ताई आज, सीट मी धुतो. जून जुलै मिळून तो शाळेत गेला फक्त ११ दिवस.

ह्या काळात लोकांनी काय काय सांगितलं ते लिहायला दुसरा रिव्ह्यू लागेल. लाड केलेत, मोबाइल दिलात, तू नोकरी सोड, एक ठेवून दिली की सुतासारखा सरळ येईल. सासूबाईंनी दृष्ट काढली, मीठमोहरीने, दोनदा. मी पण काही शहाणी नव्हते, एके दिवशी मी त्याला अक्षरशः उचलून नेऊन गेटच्या आत सोडला आणि मागे न बघता निघून आले, त्याचं अजून वाईट वाटतं.

कळलं कसं तर महावितरणच्या कृपेने. जुलैच्या शेवटी एका बुधवारी मी कशीबशी त्याला पोचवला आणि फोनकडे बघत बसले की आता येईल फोन, या घेऊन जा म्हणून. आलाच नाही. साडेपाचला तो स्वतः चालत गेटबाहेर आला, डबा संपलेला, आणि रिक्षात बसल्या बसल्या म्हणाला, "आज शाळा शांत." मी म्हटलं म्हणजे काय रे, तर परत तेच, आज शाळा शांत. संध्याकाळी दुसऱ्या एका आईला विचारलं तेव्हा कळलं की दिवसभर लाईट नव्हती. पंखे बंद, मुलं घामाने भिजलेली, बाई वैतागलेल्या, पण प्रार्थनेचा स्पीकर बंद आणि इलेक्ट्रिक बेल बंद. शिपाई मावशींनी हाताने छोटी घंटा वाजवून तास बदलले.

मग जाऊन बघितलं तर चौथीचा वर्ग जिन्याला लागून, आणि बेल बरोबर त्याच दाराच्या वर. तिसरीचा वर्ग मागच्या बाजूला होता. दिवसाला नऊ दहा वेळा ती बेल वाजते आणि वाजली की मी स्वतः दचकले, हातातली पर्स पडली. शिवाय स्पीकरवर प्रार्थना, प्रतिज्ञा, राष्ट्रगीत, राज्यगीत, आणि मध्येच माइकची ती चीं. गंमत म्हणजे शाळेच्या भिंतीवर बाहेरून शांतता क्षेत्राची पाटी आहे, हॉर्न वाजवू नये. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरता येतं, दिवसा ५० डेसिबलची मर्यादा. हे रस्त्यावरच्यांसाठी. आतल्या बेलचं कोण बघणार.

आमच्या ओटी मॅडमना (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, त्याची थेरपी घेणाऱ्या) सांगितलं तर त्या म्हणाल्या की मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सेन्सरीचं बोलले होते. बोलल्या होत्या, खरंय. मिक्सर लावला की तो कान दाबून बाथरूममध्ये जातो हे मला माहितीच होतं की, पण शाळा आणि मिक्सर ही जोडणी डोक्यात झालीच नाही. २०१३ पासून डॉक्टर लोकांच्या ऑटिझमच्या निकषांत हे आवाज, स्पर्श, वास जास्त किंवा कमी जाणवणं पण धरलेलं आहे, म्हणजे हा नखरा नाही, निदानाचाच भाग आहे. आणि घेण्याआधी एक सांगते, कान तपासून घ्या. आमची बेरा टेस्ट (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात ती) लहानपणी झालेली, नॉर्मल होती. तरी परत ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन आलो, कारण कानात मळ किंवा इन्फेक्शन असलं आणि आपण वरून इअरमफ घालून बसलो तर काय उपयोग.

आता इअरमफच्या आधी काय काय झालं ते. कापसाचे बोळे, पाच मिनिटांत काढून फेकले. फोमचे इअरप्लग, कानाच्या आत काहीही घातलेलं त्याला सहन होत नाही. कानटोपी, जुलैमध्ये, डोंबिवलीत, जाऊ दे. मग माझ्या भावाने म्हणजे त्याच्या मामाने लाडाने महागातले नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आणले. ते वस्तू म्हणून उत्तम आहेत, पण ते पंख्याची, एसीची, बसच्या इंजिनाची ती एकसारखी घरघर मारतात, बेल किंवा कोणाची किंकाळी असं अचानक काही आलं की ते आरपार येतं. आणि शाळा म्हणाली इलेक्ट्रॉनिक वस्तू चालणार नाही. ते आता मीच लोकलमध्ये वापरते. मामाला सांगू नका.

साध्या इअरमफचं उलटं आहे. चिरका, वरच्या पट्टीतला आवाज तो चांगला अडवतो, बेल, शिट्टी, बाकं सरकवल्याची कर्कश किर्र. खालच्या पट्टीत मार खातो. हे आम्हाला गणपतीत कळलं. मोठ्या उत्साहाने त्याला इअरमफ घालून खाली मिरवणूक बघायला नेला, ढोलपथक जवळ आलं आणि दोन मिनिटांत हा जमिनीवर. ढोल कानात कमी आणि छातीत जास्त वाजतो, त्याला वाट्या काय करणार. डीजेची गाडी तर विसराच.

बॉक्सवर एनआरआर २५ लिहिलंय, म्हणजे आवाज किती डेसिबलने कमी होतो त्याचा लॅबमधला आकडा. मी पण आधी समजले की १०० चा आवाज ७५ होणार. तसं नसतं. अमेरिकेत कामगार सुरक्षावाल्यांचा एक हिशोब आहे, त्या आकड्यातून ७ वजा करायचे आणि उरलेल्याचे अर्धे, म्हणजे २५ चे हातात आले ९. कारण लॅबमध्ये तो बरोबर बसवलेला असतो आणि खऱ्या आयुष्यात केस मध्ये येतात, चष्म्याची काडी मध्ये येते, पोरगं मान हलवतं. पण १० डेसिबल कमी झाले की आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो, तेवढं आम्हाला पुरलं. आणि बाईंचं बोलणं ऐकू येतं का, तर येतं, जरा दबलेलं. हा प्रश्न मला सगळे विचारतात.

पार्सल आलं त्या दिवशी तो हातात पण घेईना. वास! नव्या रेक्झिनचा, फोमचा, चपलांच्या दुकानात येतो तसला. मी तो गॅलरीत दोरीवर क्लिप लावून चार दिवस लटकवला, कबुतरांनी मधे एकदा प्रसाद दिला, पुसला, परत लटकवला. पाचव्या दिवशी त्याने स्वतः जाऊन काढला आणि मिक्सरसमोर उभा राहिला. मला म्हणाला "चालू." मी चटणी वाटली. तो तिथेच उभा, हात खाली. कान न दाबता त्याला मिक्सरसमोर उभा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्या दिवशी घरात कोणाला नको असताना तीन प्रकारच्या चटण्या झाल्या.

आता शाळेची परवानगी. खरा त्रास हा, आणि हा काही प्रॉडक्टचा दोष नाही पण घेणाऱ्याने तयारी ठेवावी म्हणून लिहिते. पहिलं उत्तर आलं, हेडफोन अलाउड नाही. हेडफोन नाहीये सर, हे बघा वायर पण नाही. मग, इतर मुलं पण मागतील. मग, त्यापेक्षा शॅडो टीचर लावा ना तुम्ही, म्हणजे आमच्या खर्चाने माणूस ठेवा. मग, एवढा त्रास असेल तर स्पेशल स्कूल का नाही बघत. हे सगळं अतिशय गोड आवाजात, चहा पाजून. मी घरी येऊन रडले आणि मग अर्ज लिहिला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, त्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत त्यात ऑटिझम आहे, आणि कलम १६ प्रमाणे मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणं हे शाळेवर आहे. सोबत ओटी मॅडमचं पत्र आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स. नवरा म्हणाला एवढं कायद्याचं लिहिलंस तर ते बिथरतील. मी म्हटलं बिथरू देत. आवक क्रमांक घालून पोच घेतली. पोच घ्याच, पोच घेतली की कागद हलतो, माझं अर्धं आयुष्य ऑफिसात आवकजावक बघण्यात गेलंय. तीन आठवड्यांनी, एक महिना ट्रायल म्हणून हो आलं.

वर्गात पहिल्याच दिवशी त्याचं नाव डीजे पडलं. ज्याला दोन गल्ल्या पलीकडचा डीजे सहन होत नाही त्याचं नाव डीजे. मला वाटलं संपलं आता, पण त्याला ते आवडलं, घरी येऊन आजीला म्हणाला मी डीजे. एका मुलाने मागून पट्टी ओढून सोडली, रबरासारखी, कानाला लागलं, दोन दिवस परत पोटदुखी. बाईंनी मग एक चांगलं केलं, प्रत्येकाला एकेकदा घालून बघू दिला आणि मग म्हणाल्या झालं, आता हा त्याचा, जसा तुमचा चष्मा तुमचा. त्यानंतर कोणी हात लावला नाही.

पण खरं काम कोणी केलं असेल तर शिपाई मावशींनी. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बेलचं बटण जिन्याखाली आहे, मावशी बटण दाबायच्या आधी चार पायऱ्या चढून वर्गाच्या दारात डोकं घालतात आणि म्हणतात "बाळा, वाजवतेय हं." हा गळ्यातला इअरमफ वर घेतो, अंगठा दाखवतो, मावशी खाली जातात, बेल वाजते. दिवसातून नऊ दहा वेळा, गुडघे दुखत असताना. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा बघितलं, नाहीतर मला कळलंच नसतं, कारण ह्याने घरी येऊन यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. दिवाळीला मावशींना साडी दिली तर त्या म्हणाल्या कशाला, मला पण त्या बेलने धडधडतंच की.

नोव्हेंबरात सुट्ट्या सोडून २० दिवस शाळा भरली, त्यातले १७ दिवस गेला.

मॅजिक वगैरे नाही हे पण सांगते. डिसेंबरात बाई निवडणुकीच्या ड्युटीवर गेल्या, दुसऱ्या बाई आल्या, चार दिवस घरी. गॅदरिंगला गेलाच नाही, आम्ही पाठवला पण नाही. वर्गात कोणी डब्यात सुकट आणली की इअरमफ काय करणार. पीटीच्या तासाला तो अजूनही लायब्ररीत बसतो. ज्यांच्या मुलाचं कारण आवाज नसून दुसरंच काही आहे, म्हणजे अभ्यास झेपत नाही, कोणी मारतंय, बाई ओरडतात, त्यांनी आधी ते शोधा, उगाच १२९९ घालवू नका.

एक चूक आमच्याकडून झाली. सुरुवातीला इतका आनंद झाला की त्याला दिवसभर घालू दिला. मग तो जेवताना घालायला लागला, झोपताना, आंघोळीला जाताना. ओटी मॅडम रागावल्या. शांत जागेत सतत कान झाकून ठेवले तर कान अजूनच हळवे होतात, मग साधा पंखा पण बोचायला लागतो. ऑडिओलॉजिस्टने पण तेच सांगितलं. आता नियम असा की गळ्यात कायम, कानावर फक्त लागेल तेव्हा. घरी फळ्यावर चित्रं काढून लावली, बेल, मिक्सर, फटाके, कुकर, ह्याला कानावर. पंखा, टीव्ही, आजीचा हरिपाठ, ह्याला गळ्यात. हरिपाठावर त्याने बरीच घासाघीस केली.

आता वस्तूचे दोष. वजन किचनच्या काट्यावर १९५ ग्रॅम, मानेला चालतं. पट्टी सुरुवातीला फार आवळते, रात्री चार जाड डिक्शनऱ्यांवर ताणून ठेवली तीन दिवस, मग सैल झाली, पण जास्त सैल केली तर आवाज आत येतो तेव्हा बेताने. चष्मा असेल तर काडीपाशी फट राहते. घाम मात्र भयंकर. आपल्या हवेत दुपारी साडेबाराला रेक्झिनच्या गाद्या म्हणजे कान वाफवायचे मोदकपात्र. कानामागे पुरळ आलं. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या सुती साडीची इलॅस्टिक लावून गोल कव्हरं शिवली, सहा जोड, रोज धुता येतात. आवाज किंचित जास्त येत असेल पण पुरळ गेलं, आणि ज्यांनी दृष्ट काढली होती त्याच आता शेजाऱ्यांना एनआरआर समजावून सांगतात. खोबरेल तेल लावून शाळेत पाठवणार असाल तर गादी चिकट होऊन तडकते, आमची सातव्या महिन्यात तडकली आणि आतला फोम बाहेर.

आणि इथे तो स्टार गेला. स्पेअर गाद्या मिळत नाहीत. सेलरला लिहिलं तर म्हणे मॅडम नवीन युनिट घ्या, १० टक्के डिस्काउंट कूपन देतो. ८० रुपयांच्या गादीसाठी अख्खा इअरमफ. मी म्हटलं पैसे घ्या पण गाद्या द्या, तर उत्तर आलं "आपका फीडबॅक हमारे लिए महत्त्वपूर्ण है". चौथ्यांदा तेच आल्यावर मी सोडलं. बरोबर पिशवी पण देत नाहीत, दप्तरात कंपासपेटीचा कोपरा लागून वाटीला चरा पडलाय.

तर घ्यावा का, घ्या. मुलाच्या डोक्याचा घेर मोजून घ्या, आधी घरी आवडत्या जागी सवय करा, शाळेत एकदम नेऊ नका, आणि शक्य असेल तर पहिल्याच वेळी दोन घ्या, एकाच रंगाचे. हे शेवटचं मी शिकले ते आत्ता. गादी फाटल्यावर गेल्या आठवड्यात तोच, त्याच कंपनीचा, त्याच मापाचा मागवला, निळा आउट ऑफ स्टॉक म्हणून पिवळा आला. (निळ्याचा आणि २ एप्रिलला, ऑटिझम दिनाला, निळे दिवे लावतात त्याचा काही संबंध नाही, त्याला निळाच लागतो, पाण्याची बाटली पण निळी.) पिवळा त्याने बॉक्समधून काढला, उलटसुलट बघितला, परत बॉक्समध्ये घातला, झाकण लावलं आणि बॉक्स दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर नेऊन ठेवला. रिटर्न टाकलाय. सध्या फाटक्या निळ्यालाच आजीने आतून स्पंज आणि वरून साडी असं काहीतरी शिवून दिलंय, जूनपर्यंत चालेल असं त्या म्हणतात. कोणाकडे मुलांच्या मापाचा निळा जुना पडून असेल तर मला सांगा, गादी फाटलेली असली तरी चालेल, शिवायला माणूस आहे.